गरुड, हर्षदा शरद

(२००३– ). भारतीय वेटलिफ्टर. कनिष्ठ जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी पहिली भारतीय खेळाडू. गाव वडगाव मावळ (जि. पुणे). वडील वडगाव मावळ नगरपंचायतीच्या पाणीपुरवठा विभागात नोकरीला. त्यांना स्वतःला वेटलिफ्टिंगची आवड असल्याने या खेळाची ओळख हर्षदाला घरातूनच झाली. गावातच बिहारीलाल दुबे यांच्या मार्गदर्शनाखाली तिने सराव केला. जानेवारी २०२० मध्ये गुवाहाटी येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत सतरा वर्षांखालील मुलींच्या गटात सुवर्णपदक मिळवल्यावर तिचे नाव देशपातळीवर पोहोचले.

जागतिक विजेतेपद : २ मे २०२२ रोजी ग्रीसमधील हेराक्लिऑन येथील कनिष्ठ जागतिक स्पर्धेत ४५ किलो वजनगटात तिने एकूण १५३ किलो वजन उचलून विजेतेपद मिळवले. स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३ किलो अशी तिची कामगिरी होती. तुर्कीच्या बेक्ताश जान्सूने १५० किलोसह (६५ + ८५) रौप्यपदक, तर मोल्दोव्हाच्या तेओदोरा-लुमिनित्सा हिंकूने १४९ किलोसह (६७ + ८२) कांस्यपदक मिळवले. भारताचीच अंजली पटेल १४८ किलो उचलून पाचवी आली.

या लढतीचा निकाल स्नॅचमध्येच घडला. स्नॅचमध्ये जमिनीवरची सळई एकाच झपाट्यात डोक्यावर न्यायची असते. क्लीन अँड जर्कमध्ये ती आधी खांद्यांवर घेऊन मग वर ढकलतात. दोन्ही प्रकारांत प्रत्येकी तीन संधी मिळतात आणि प्रत्येकातील सर्वोत्तम वजनांची बेरीज धरली जाते. जान्सूने क्लीन अँड जर्कमध्ये हर्षदापेक्षा दोन किलो जास्त उचलले, पण स्नॅचमध्ये हर्षदाने पाच किलोंची आघाडी आधीच घेतली होती. एकूण तीन किलोंच्या फरकाने सुवर्णपदक भारतात आले. तिने डोक्यावर नेलेले ८३ किलो हे तिच्या गटाच्या कमाल शरीरवजनाच्या पावणेदोन पटींहून अधिक होते. वयाच्या अठराव्या वर्षी, गावातल्या तालमीतून निघून तिने हे यश मिळवले. यापूर्वी या स्पर्धेत मीराबाई चानूने २०१३ मध्ये कांस्य आणि अचिंत शेउलीने २०२१ मध्ये रौप्यपदक मिळवले होते. जुलै २०२२ मध्ये ताश्कंद येथील आशियाई कनिष्ठ स्पर्धेतही हर्षदाने सुवर्णपदक जिंकले.

पार्श्वभूमी : महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये झाली, तर ऑलिंपिकची दारे सिडनीत २००० मध्ये उघडली. तेथे भारताच्या कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले. टोकियोत २०२१ मध्ये मीराबाईने ४९ किलो गटात २०२ किलोंसह रौप्यपदक मिळवून भारतीय महिलांसाठी पुढचा टप्पा गाठला.

टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत हलका गट ४९ किलोंचा होता. ४५ किलोंचा गट तेथे नसल्याने या गटातील विजेत्यांना शरीरवजन वाढवून अधिक ताकदवान प्रतिस्पर्ध्यांशी झुंजावे लागत असे. त्यासाठी आहार, विश्रांती आणि तांत्रिक सरावाला अनेक वर्षांची साथ हवी. म्हणून कनिष्ठ जगज्जेत्यांना पदकानंतरही सातत्याने आधार मिळणे निकडीचे ठरते.

महाराष्ट्रातील परंपरा : राज्यातील वेटलिफ्टिंग छोट्या गावा-शहरांच्या व्यायामशाळांनी जोपासले आहे. खानदेशच्या वेशीवरील मनमाडची (जि. नाशिक) आकांक्षा व्यवहारे हिने जून २०२२ मध्ये मेक्सिकोतील लिऑन येथील जागतिक युवा स्पर्धेत ४० किलो गटात १२७ किलो (५९ + ६८) उचलून रौप्यपदक मिळवले. त्याच महिन्यात पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत सांगलीच्या काजोल सरगरने ४० किलो गटात ११३ किलो उचलून सुवर्णपदक जिंकले. तिचा भाऊ संकेत याने बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलोंसह रौप्यपदक पटकावले. वडगाव मावळ, मनमाड आणि सांगली येथील ही पदके २०२२ या एकाच वर्षातील आहेत. जळगाव-धुळ्यातील मुलींसाठी मनमाडचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. चांगला प्रशिक्षक आणि रोजच्या सरावाची जागा मिळाली, तर मोठ्या स्पर्धेतले पदक छोट्या गावा-शहरांतही घडते, हे या तिन्ही ठिकाणच्या खेळाडूंनी सिद्ध केले आहे.