जुनापाणी ते सानूर : महापाषाणांचा मार्ग

परप्रांतातील मराठी मंडळांच्या स्मरणिकांतून एखादा इतिहासविषयक लेख असतोच, आणि आपल्या या शहरी तो बहुधा तंजावरपासून सुरू होतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे त्या गादीवर आले. पुढे सरफोजीराजांनी भोसल्यांच्या वंशाची प्रदीर्घ हकीकत बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर १८०३ साली मराठीत कोरविली. हा वारसा अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु तो वारंवार सांगितल्याने महाराष्ट्र आणि तमिळनाडू यांचा संबंध राजगादीपासूनच सुरू झाला, असा एक समज आपल्या मुलाबाळांच्या मनात दृढ होतो. वस्तुस्थिती तशी नाही. या दोन भूमींना जोडणारा एक धागा त्याहून दोन हजार वर्षांनी तरी जुना आहे. तो धागा राजांचा नसून मृतांचा आहे.

आम्ही मूळचे नागपूरकर. काटोलच्या रस्त्याने जाताना जुनापाणीजवळ शेताबांधावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे दिसत. वडीलधारी मंडळी ती गवळी राजांच्या वेळची म्हणून सांगत, आणि आम्ही मुले त्या धोंड्यांवर बसून संत्री सोलीत असू. पुढे हिस्लॉप कॉलेजातून इतिहास घेऊन बी. ए. झालो. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे तोंडपाठ केली; पण ज्या दगडांवर बसून संत्री खाल्ली ते कोणाचे, हा प्रश्न कधी मनात आला नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन चेन्नईस आलो आणि एका रविवारी एगमोरच्या सरकारी संग्रहालयात गेलो. तेथे भाजलेल्या मातीची पाय असलेली एक लांबट पेटी पाहिली. जवळच लोखंडी हत्यारे आणि आतून काळी, बाहेरून तांबडी अशी भांडी मांडलेली होती. माहितीच्या पाटीवर 'महापाषाणयुगीन शवपेटिका' असे लिहिले होते. त्या दिवशी घरी येऊन वाचावयास लागलो, आणि वाचता वाचता पुन्हा जुनापाणीस येऊन पोहोचलो.

या वाचनात १८६३ हे साल आम्हांस दोनदा भेटले. त्या वर्षी ३० मे रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूस्तरशास्त्रज्ञास आपल्या पल्लावरम येथे अश्मयुगीन दगडी हत्यार सापडले, आणि भारताच्या प्रागितिहासाच्या अभ्यासास आरंभ झाला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या ४ तारखेस नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहावयास सर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत गेले होते. परतीच्या वाटेवर पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडून मरण पावले. ज्यांच्या नावाच्या कॉलेजात आम्ही इतिहास शिकलो, त्यांचा अंत या वर्तुळांच्या भेटीनंतर झाला होता, ही गोष्ट आम्हांस चाळिशी उलटल्यावर सातशे मैल दूर समजली. घर सोडल्याखेरीज घराचा इतिहास कळत नाही, तो असा.

महापाषाण म्हणजे मृतांसाठी उभारलेली मोठ्या दगडांची रचना. कोठे चार शिळा उभ्या करून व त्यांवर पाचवी आडवी ठेवून दगडी कक्ष केलेला असतो. काही कक्षांच्या पूर्वेकडील शिळेस वाटोळे छिद्र ठेवलेले आढळते. कोठे जमिनीत खड्डा खणून अस्थी ठेवीत, वर दगडांची रास रचीत आणि भोवती धोंड्यांचे कडे करीत. कोठे मोठ्या रांजणात अस्थी घालून तो पुरीत असत. दक्षिणेत लोक यांना 'पांडुकुळि', म्हणजे पांडवांचे खड्डे, म्हणत आले. याच नावाखाली मलबारातील अशा थडग्यांचे वर्णन बॅबिंग्टन या अधिकाऱ्याने लिहिले व ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत १८२३ साली प्रसिद्ध झाले. जे कोणी केले ते ठाऊक नसले की आपण ते पांडवांच्या किंवा गवळी राजांच्या नावे मांडतो, ही रीत दोन्ही प्रांतांत सारखीच!

अशा रचना युरोपातही आहेत. वेल्समधील पेंब्रोकशर परगण्यात पेंत्रे इव्हन येथे तीन उभ्या शिळांच्या टोकांवर सुमारे १६ टन वजनाची एक शिळा साडेपाच हजार वर्षे तोलून राहिली आहे. हे साम्य पाहून एकोणिसाव्या शतकातील इंग्रज विद्वान थक्क झाले. युरोपातील ड्रुइड पुरोहित किंवा मध्य आशियातील शक टोळ्याच भारतात आल्या असाव्यात, असे तर्क त्यांनी लढविले. आज ते कोणी मानीत नाही. वेल्समधील कक्ष बांधणारे शेतकरी धातू जाणत नव्हते. आपल्याकडील बहुतेक महापाषाण त्यांच्यानंतर दोन-अडीच हजार वर्षांनी, लोखंड वापरणाऱ्यांनी उभारले. त्या दोघांत नाते नाही. मृताला विसरू नये, त्याची जागा दुरून ओळखू यावी, ही इच्छा मात्र माणसास कोठेही होऊ शकते.

आपल्या चेन्नईभोवतीचा चेंगलपट्टू परिसर अशा स्थळांनी भरलेला आहे. मदुरांतकमजवळील सानूर येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९५० व १९५२ साली उत्खनन केले. दगडांच्या कड्यात, राशीखाली, भाजलेल्या मातीच्या पाय असलेल्या शवपेटिका मिळाल्या. अमृतमंगलम् आणि कुन्नत्तूर येथेही त्याच दशकात खोदकाम झाले. पुष्कळ ठिकाणी असे दिसून आले की अखंड शव न पुरता मागाहून गोळा केलेल्या अस्थीच जपून ठेवल्या आहेत, आणि काही ठिकाणी एकाहून अधिक माणसांच्या अस्थी एकत्र आहेत.

विदर्भातील कामाचे श्रेय मुख्यतः डॉ. शां. भा. देव यांना, आणि नागपूर विद्यापीठ व पुण्याचे डेक्कन कॉलेज या संस्थांना आहे. १९७० च्या आगेमागे टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे, व १९७८ ते १९८० या काळात नायकुंड येथे उत्खनने झाली. जुनापाणीस सुमारे तीनशे वर्तुळे नोंदलेली आहेत. माहुरझरीस माणसांबरोबर घोडेही पुरलेले आढळले, आणि त्या घोड्यांच्या मस्तकावर तांब्याचे अलंकार होते. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. हे लोक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातले. सानूरची भांडी आणि माहुरझरीची भांडी शेजारी ठेवली तर एकाच परंपरेची म्हणून ओळखू यावीत: तोच काळा-तांबडा रंग, तेच लोखंड, तेच दगडांचे कडे. या परंपरेचा उत्तरेकडील एक मोठा समूह नागपूरभोवती आहे, आणि तेथून ती कर्नाटक-आंध्रातून दक्षिणेच्या टोकापर्यंत पसरलेली दिसते.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. हे लोक 'मराठी' नव्हते. मराठी भाषा तेव्हा जन्मलीच नव्हती. ते कोणती भाषा बोलत, हे दगड सांगत नाहीत. तमिळनाडूतील लोखंडाचा काळ तर अलीकडच्या शोधांनी फार मागे नेला आहे. २०२५ साली राज्य पुरातत्त्व विभागाने शिवगलै येथील नमुन्यांवरून तो इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकापर्यंत असल्याचे जाहीर केले, व त्यावर विद्वानांत चर्चा चालू आहे. तेव्हा कोण आधी, कोण नंतर, या वादात आपण पडू नये. एकमेकांपासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसांनी आपल्या मृतांची व्यवस्था एकसारख्या रीतीने केली, एवढे पुरेसे आहे.

दगड बोलत नाहीत, पण तमिळ साहित्य बोलते. मणिमेखलै या काव्यात मृतांच्या व्यवस्थेचे दहन, दफन, रांजणाखाली झाकणे असे पाच प्रकार सांगितले आहेत. पुऱनानूऱु या प्राचीन संग्रहातील एका कवितेत पतीबरोबर अनेक रानावनांतून प्रवास करून आलेली एक स्त्री कुंभाराला विनविते की, त्याच्यासाठी घडवीत असलेला रांजण माझ्याही पुरता रुंद कर. हा अर्थ आमच्या एका तमिळ सहकाऱ्यांनी कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितला, तेव्हा पुढे काही वेळ आम्हां दोघांसही बोलवेना.

याचे कारण सांगितले पाहिजे. आमचे वडील निवृत्तीनंतर आमच्याकडे येऊन राहिले आणि येथेच निवर्तले. नागपूरच्या भावकीचा आग्रह की अस्थी रामटेकच्या अंबाळा तलावातच गेल्या पाहिजेत. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "ते रोज सकाळी ज्या समुद्रावर फिरावयास जात, त्याला काहीच नको का?" घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी अस्थींचे दोन भाग झाले. अर्ध्या रामटेकला गेल्या, अर्ध्या बंगालच्या उपसागरास अर्पण केल्या. आपण काही अशास्त्र तर केले नाही ना, अशी टोचणी आम्हांस बरीच वर्षे होती. सानूरच्या अस्थींविषयी वाचल्यावर ती कमी झाली. अस्थी वेचणे, जपणे आणि त्या कोठे ठेवाव्या याचा विचार करीत बसणे, हे या भूमीवर पुरातन काळापासून चालत आले आहे. ज्या मातीत आपण आपले माणूस ठेवतो ती माती परकी राहत नाही.

आता ही स्थळे झपाट्याने नाहीशी होत आहेत. पल्लावरमच्या टेकड्या खडीसाठी फोडल्या गेल्या आणि शहर त्यांच्यावरून पुढे निघून गेले. चेंगलपट्टूकडे नव्या वसाहतींसाठी जमीन सपाट करताना दगडांची कडी 'निरुपयोगी धोंडे' म्हणून उचलली जातात. विदर्भातही नांगर आणि रस्ते यांनी पुष्कळ वर्तुळे गिळली. यांतील बरीच मोडतोड द्वेषाने होत नाही. ते धोंडे काय आहेत हे उचलणाऱ्यास ठाऊक नसते, जसे संत्री सोलताना आम्हांस नव्हते.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. मुलांची एक सहल एगमोरच्या संग्रहालयात न्यावी, आणि नंतर एक सानूरला. सुट्टीत नागपूरकडे जाणाऱ्या कुटुंबांनी काटोल रस्त्यावर अर्धा तास थांबून मुलांना जुनापाणीची वर्तुळे दाखवावीत. 'आपण येथले की तेथले?' असा प्रश्न आपली मुले विचारतात व आपल्याला उत्तर सुचत नाही. ती दोन स्थळे पाहिल्यावर कदाचित त्यांचे उत्तर त्यांनाच सापडेल.

या स्मरणिकेच्या शेवटी दिवंगत सभासदांची नावे छापली जातील. पन्नास वर्षांत त्यांतील अनेकांना याच शहराने निरोप दिला. त्यांच्यासाठी आपण शिळा उभ्या केल्या नाहीत. आपली शक्ती एका पानापुरतीच. ते पान उलटण्यापूर्वी वाचकांनी क्षणभर थांबून ती नावे मुलांना मोठ्याने वाचून दाखवावीत, एवढीच विनंती.