उपग्रह स्थाननिश्चिती : भक्कमता आणि स्वायत्तता

उपग्रहांच्या रेडिओ संदेशांवरून पृथ्वीवरील स्थान, वेग व वेळ ठरविणाऱ्या प्रणालीत अडथळा, बिघाड किंवा फसवणूक झाली तरी तिचे काम चालू राहावे आणि उत्तर चुकत असल्यास ते वेळीच कळावे, यासाठी योजलेले उपाय. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या भीमाकाठच्या शेजारी तालुक्यांत या प्रणालीचा संबंध मुख्यतः जमीनमोजणी आणि रेल्वे यांच्याशी येतो.

कार्यतत्त्व व कच्चे दुवे : संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून ग्राहकयंत्र किमान चार उपग्रहांपासूनचे अंतर काढते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंमी. जातो, त्यामुळे घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले, तर अंतर ३०० मी. चुकते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी., तर भारताच्या नाविक प्रणालीचे सुमारे ३६,००० किमी. उंचीवर असतात. जमिनीपर्यंत पोचताना संदेश इतका क्षीण होतो, की जवळचे लहानसे प्रक्षेपक यंत्रही तो बुजवू शकते. हुबेहूब खोटा संदेश पाठवून चुकीचे स्थान दाखविणेही शक्य असते. शिवाय चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतातून जात असल्याने सूर्यास्तानंतर येथील आयनांबर अस्थिर होते आणि संदेशाची तीव्रता कमीजास्त होते.

भारतीय प्रणाली : १९९९ च्या कारगिल युद्धानंतर स्वतःच्या प्रणालीची निकड तीव्रतेने जाणवली. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी, तर मूळ मालिकेतील सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडला गेला. पुढे पहिल्या उपग्रहावरील तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडली. त्याच्या जागी पाठविलेला उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी उष्णताकवच न सुटल्याने वाया गेला. १२ एप्रिल २०१८ च्या उड्डाणाने ती जागा भरली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या नाविक उपग्रहावर अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात घडविलेले रुबिडियम घड्याळ बसविले गेले. जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ मात्र झडपा न उघडल्याने नियोजित कक्षेत पोचू शकला नाही. इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची ‘गगन’ ही जोडप्रणाली जीपीएसच्या संदेशातील चूक सुधारते. संदेश भरवशाचा नसेल, तर तसा इशाराही देते.

जमीनमोजणी : भूमी अभिलेख विभागाची मोजणी साखळी व प्लेन टेबलावरून रोव्हर या फिरत्या उपग्रह-ग्राहकयंत्राकडे आली आहे. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सहकार्याने महाराष्ट्रात ७७ कायमस्वरूपी संदर्भ स्थानके उभारली गेली. या स्थानकांची जागा आधीच अचूक ठाऊक असल्याने तेथे दिसणारी चूक रोव्हरला कळविली जाते आणि हद्दीची खूण काही सेंटिमीटरपर्यंत अचूक ठरते. ही दुरुस्ती मोबाइल जाळ्यातून येते. रेंज गेली, की दुरुस्ती थांबते. उंच वाढलेल्या उसात, दाट झाडाखाली किंवा घराच्या भिंतीलगत आकाश झाकले जाते आणि परावर्तित संदेशही मिसळतात. अशा ठिकाणी मोकळ्या जागेत रोव्हरने ठरविलेल्या बिंदूंवरून टोटल स्टेशन या कोन व अंतर मोजणाऱ्या यंत्राने मोजणी पुढे नेणे आणि जुन्या हद्दीच्या दगडांशी ती ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

रेल्वे : दौंड जंक्शनवर पुणे, सोलापूर, मनमाड व बारामती या मार्गांचा मेळ होतो. रेल्वेने इस्रोच्या साहाय्याने इंजिनांवर बसविलेली यंत्रणा उपग्रहांवरून गाडीचे स्थान कळविते. माहिती देण्यासाठी हे पुरेसे आहे. टक्कर टाळण्यासाठी एवढ्यावर विसंबता येत नाही. म्हणून ‘कवच’ या सुरक्षा यंत्रणेच्या रचनेत गाडीचे स्थान रुळांवरील आरएफआयडी टॅग व चाकांच्या फेऱ्यांवरून ठरते. उपग्रहांचा उपयोग वेळ जुळविण्यासाठी होतो.

स्वायत्ततेचे उपाय : ग्राहकयंत्र आपली तपासणी आपणच करू शकते. पाच उपग्रह दिसत असतील, तर त्यांपैकी एक चुकत असल्याचे कळते. सहा असतील, तर चुकणारा कोणता हे ओळखून तो वगळता येतो. म्हणून नाविक, जीपीएस, गॅलिलिओ अशा अनेक प्रणाली व अनेक वारंवारता एकत्र वापरतात. संदेश तुटल्यास जडत्वमापक यंत्रे काही काळ स्थानाचा अंदाज चालू ठेवतात. चीनच्या बायडूचे नव्या पिढीतील उपग्रह परस्परांतील अंतर स्वतः मोजतात, त्यामुळे त्यांचे भूस्थानकांवरील अवलंबित्व घटते.

महत्त्व : बांधाच्या वादात हातभर जमिनीसाठी भावकी पिढ्यान्‌पिढ्या दुरावते. मोजणीचा बिंदू सेंटिमीटरपर्यंत छापलेला दिसतो, म्हणून तो तितका अचूक असतोच असे नाही. मोजणीच्या नकाशावर दिनांक, दुरुस्तीचा स्रोत व संभाव्य चूक नोंदली गेली पाहिजे. त्यामुळे शेतकऱ्याला फेरमोजणी मागताना ठोस आधार मिळेल आणि भूकरमापकालाही आपले काम तपासून दाखविता येईल.