वैद्यकीय संशोधन मोफत कुठे वाचता येते?
आजाराबद्दल शोधताना अनेकदा संशोधनाचा फक्त सारांश दिसतो. पूर्ण लेखासाठी पैसे मागतात. पैसे भरण्याआधी तेच शीर्षक 'पबमेड सेंट्रल'वर शोधा. २००० साली सुरू झालेल्या या अमेरिकी सरकारी संग्रहात लाखो लेख पूर्ण व मोफत वाचता येतात.

'प्रीप्रिंट' लिहिले असेल तर तो लेख इतर तज्ज्ञांनी अजून तपासलेला नसतो. 'रिट्रॅक्टेड' म्हणजे मागे घेतलेला. एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. तोवर अनेक पालकांनी भीतीपोटी मुलांना लस दिली नव्हती.

सारांशात रुग्णांचे इतर आजार, दुष्परिणाम यांचा पूर्ण तपशील नसतो. त्यामुळे केवळ सारांश वाचून औषध बंद करू नका. लेख तुमच्या डॉक्टरांना दाखवा.