आगमनकाळातला आनंद : लॅटिन ‘गौदेते’ आणि नगरची मराठी

१/ नाताळापूर्वीच्या चार रविवारांनी मोजल्या जाणाऱ्या काळाला कॅथलिक ख्रिस्तसभा ‘आगमनकाळ’ म्हणते. या दिवसांत धर्मगुरूचा उपासनेचा झगा जांभळा असतो, म्हणजे प्रायश्चित्ताच्या रंगाचा. ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत रविवारच्या मिस्सामधून गाळले जाते. आणि तरीही तिसऱ्या रविवारी जांभळ्याच्या जागी गुलाबी वस्त्र येऊ शकते. हा गुलाबी रंग आला कोठून? आणि त्यामागचा आनंद राहुरी-संगमनेरच्या गावांत मराठीत यायला इतका काळ का लागला?

२/ आरंभ पाचव्या शतकातल्या गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये आहे. तूरचे बिशप पर्पेतुअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून (११ नोव्हेंबर) नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास ठरवून दिला. इ. स. ५८१ मध्ये माकों येथील धर्मपरिषदेने या काळाच्या उपवासाला आपल्या नियमांत स्थान दिले. रोमची रीत निराळी होती. तेथे भर उपवासापेक्षा वाट पाहण्यावर होता. मध्ययुगात हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले. एकादशीचा उपवास धरून टाळमृदंगावर नाचणारा वारकरी ज्याने पाहिला आहे, त्याला यात विसंगती वाटू नये.

३/ तिसऱ्या रविवारच्या प्रवेशगीताचा पहिला शब्द ‘गौदेते’, अर्थ ‘आनंद करा’. तो संत पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातून घेतलेला आहे. आणि ते पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे. जुन्या नियमांनुसार आगमनकाळात ऑर्गन मुका असे आणि वेदीवर फुले नसत. ‘गौदेते’ रविवारी दोन्ही परत येत. एका दिवसापुरताच का होईना, आनंदाला नियमानेच मोकळीक दिलेली होती.

४/ शेवटच्या आठवड्यात ही उत्कंठा आणखी वाढते. १७ ते २३ डिसेंबर या सात सायंकाळी ख्रिस्ताला रोज एका नव्या नावाने साद घातली जाते : सापिएन्तिया (ज्ञान), अदोनाय (प्रभू), रादिक्स (मूळ), क्लाविस (किल्ली), ओरिएन्स (उगवती), रेक्स (राजा), इम्मानुएल (देव आमच्यासंगे). या नावांची लॅटिन आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली, तर ‘एरो क्रास’ असे शब्द जुळतात. अर्थ : ‘उद्या मी असेन’. ही जुळणी हेतुपुरस्सर होती की योगायोगाची, यावर अभ्यासक वाद घालोत. मठांतल्या गायकांना तिची गोडी वाटली असेल, यात शंका नाही.

५/ आता नगर जिल्हा. अमेरिकन मराठी मिशन हे प्रोटेस्टंट मिशन अहमदनगरला १८३१ मध्ये आले. येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, धर्मगुरूंचे कॅथलिक कार्य १८७८ मध्ये राहुरी तालुक्यातील केंदळपासून सुरू झाले. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाचा तो काळ. पुढे वळण, संगमनेर, राहाता अशी केंद्रे उभी राहिली. नवे ख्रिस्ती बहुतांशी महार समाजातले होते. ज्यांना देवळाच्या पायरीवर थांबवले जाई, ते आता वेदीसमोर बसले. पण त्या वेदीवरची भाषा लॅटिन होती. एका न कळणाऱ्या पवित्र भाषेच्या दाराबाहेरून ते दुसऱ्या न कळणाऱ्या पवित्र भाषेच्या आत आले. आणि हे त्या जिल्ह्यात, ज्याच्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीता मराठीत आणली होती!

६/ शेजारच्या प्रोटेस्टंट उपासनेत मात्र मराठी केव्हाच रुळली होती. कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तने करीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर अहमदनगर ही आपली कर्मभूमी केली आणि अभंग-भजनांच्या चालीवर ख्रिस्तभक्ती बांधली. कॅथलिकांचे गायन-मिस्सा लॅटिनमध्येच होत. साध्या, न गायिलेल्या मिस्सामध्ये लोक आपल्या भाषेतली भक्तिगीते म्हणू शकत. थोडक्यात, मराठी गाण्याला मंदिरात जागा होती, पण ती विधीच्या कडेला.

७/ धर्मगुरूंना ही उणीव जाणवत नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंदळ येथे काम करणारे जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. पुढे महायुद्ध पेटले. अहमदनगरच्या छावणीत जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करण्यात आले, बहुतेक जर्मन धर्मगुरूंना देश सोडावा लागला, आणि खुद्द डोरिंग यांना १९२१ मध्ये जपानातील हिरोशिमाला नेमण्यात आले. १९२७ मध्ये ते पुण्याला परतले. त्यांचे मासिक मात्र त्यांच्यामागेही टिकले.

८/ खरे वळण आले ते ४ डिसेंबर १९६३ रोजी. आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला दार उघडले. ७ मार्च १९६५ पासून नवे नियम लागू झाले. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी बारा मुद्दे मान्य केले : जमिनीवर मांडी घालून बसणे, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे, आरती. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, नवा मिस्साग्रंथ अमलात आला. नव्या नियमावलीने या काळाचे वर्णनच भक्तीची व आनंदाची प्रतीक्षा असे केले.

९/ हे बदल सर्वांनाच रुचले नाहीत. आरती आणि दिवे म्हणजे हिंदूकरण, असा आक्षेप भारतातल्या अनेक कॅथलिकांनी घेतला. ज्या समाजाने जुन्या देवळाशी नाते तोडले होते, त्याला त्याच देवळाच्या खुणा परत देऊ करताना विचारणा कितपत झाली, हा प्रश्न निकालात काढण्याजोगा नव्हता. मराठी भाषेचे तसे नव्हते. ती कोणाकडून उसनी आणलेली नव्हती.

१०/ १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि नगर जिल्हा त्यात गेला. आज या जिल्ह्यात प्रवेशगीत, प्रार्थना, वाचने, सारे मराठीत होते. साथीला पेटी आणि तबला असतो. एक जुना नियम तेवढा कायम आहे. आगमनकाळाच्या चारही रविवारी, गुलाबी वस्त्राच्या रविवारीसुद्धा, ‘ग्लोरिया’ गायिली जात नाही. ती राखून ठेवलेली असते २४ डिसेंबरच्या रात्रीसाठी.