शनिवारी थांबणारा घाणा

ज्यूंचा इतिहास आपल्या मुलांना भेटतो तो बहुधा हिटलरच्या धड्यात. ६० लाखांचा संहार, त्यांत सुमारे १५ लाख मुले. हे शिकवलेच पाहिजे. पण एवढेच शिकवले तर ज्यू म्हणजे दूरदेशी मारला गेलेला माणूस, एवढेच मुलाच्या मनात उरते. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात १९९३ पासून मुलांसाठी असलेले ‘डॅनियलची गोष्ट’ हे प्रदर्शन म्हणूनच छावणीपासून सुरू होत नाही. मूल आधी डॅनियलच्या घरात शिरते. ते घर ओळखीचे झाल्यावरच ते हिरावले जाणे कळते.

आपल्याकडे असे घर कोकणात आहे. जहाज फुटून नौगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून आपण आलो, ही बेने इस्रायलांची परंपरागत कथा. ते तेल गाळत. शब्बाथला घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. रोहेकर, पेणकर, दिवेकर ही आडनावे गावांवरून पडली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादात हिब्रूशेजारी मराठी आहे, आणि वल्हांडणाच्या भाकरी भाजणाऱ्या चित्रातल्या बायका लुगड्यात आहेत. एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा होतो. दर्ग्यावरचा मलिदा ठाऊक असलेल्या मुलाला हे ताट परके वाटणार नाही.

मात्र या कथेला नुसता गोडवा चढवू नये. गावाने त्यांना सामावले, ते एक जात म्हणून; रोटीबेटीची कुंपणे तशीच राहिली. खुद्द त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ हा भेद होता. सहिष्णुतेचा धडा शिकवणाऱ्या प्रदर्शनाने हेही मांडावे. मुले सजवलेला इतिहास लवकर ओळखतात.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. हैम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ साली मुंबईत काढलेली शाळा पुढे सर एली कदूरींच्या नावाने चालू राहिली. आज तिथे शिकणारी बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. पिंपळनेरच्या मुलाला वर्गात ज्यू सोबती भेटण्याची शक्यता जवळजवळ नाही. जे काम शेजाराने व्हायचे, ते आता वस्तूंनी करायचे आहे.

त्यासाठी वॉशिंग्टन गाठायला नको. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. मूर्ती आणि हस्तलिखिते पाहायला शाळांनी तिथे जावेच. अशा संग्रहालयात एक कोपरा पुरे: घाण्याची प्रतिकृती, हग्गादाच्या एका पानाची छायाप्रत, मलिद्याचे ताट. आणि खाली मुलांसाठी एकच प्रश्न: तुमच्या गावात कोणाचे काम कोणत्या दिवशी थांबते, आणि का, हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का?