बंद दारापुढचे गणित

प्रवेशपरीक्षांचे दिवस जवळ आले की आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहातील दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असतात. पाच-सहा मुले-मुली एकाच गणितावर बसलेली असतात. एकाला काही सुचते, दुसरी ते खोडून काढते, तिसऱ्याला वाट दिसते. हे दृश्य पाहताना आम्हांस मॉस्कोमधील एका इतिहासाचे स्मरण होते. आपल्या कुटुंबांनी तो जाणून घ्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सोव्हिएत राजवटीत, १९७० व १९८०च्या दशकांत, मॉस्को राज्य विद्यापीठाच्या गणित विभागात ज्यू विद्यार्थ्यांची वाट अडवली जात असे. तसा नियम कुठे जाहीर झालेला नव्हता. ते काम तोंडी परीक्षेत उरके. नको असलेल्या उमेदवारापुढे मुद्दाम निवडलेले प्रश्न ठेवले जात. त्यांची उत्तरे ऐकायला सोपी, त्यामुळे विभागावर कुणी बोट ठेवू शकत नसे. परंतु ती शोधणे महाकठीण. या प्रश्नांना नाव पडले होते 'शवपेट्या'.

त्यांपैकी एक प्रश्न पाहू. दोनाचा कितवा घात केला असता तीन येतात, आणि तिनाचा कितवा घात केला असता पाच येतात? या दोन घातांकांपैकी मोठा कोणता? उत्तराची किल्ली 'दीड' या संख्येत आहे. दोनाचा घन ८, तिनाचा वर्ग ९. म्हणून पहिला घातांक दीडपेक्षा मोठा. तिनाचा घन २७, पाचाचा वर्ग २५. म्हणून दुसरा दीडपेक्षा लहान. सांगितल्यावर वाटते, एवढेच होय! पण परीक्षकासमोर एकट्या बसलेल्या मुलाला हे 'दीड' सुचावे कसे?

व्हालेरी सेंदेरोव हे मॉस्कोतील गणिताचे शिक्षक. त्यांनी असे प्रश्न जमवले आणि १९७५च्या उन्हाळ्यात आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडची तयारी करणाऱ्या सोव्हिएत चमूकडे मदत मागितली. उत्तरे सापडली, तर त्यांमागील युक्त्या पुढच्या उमेदवारांना शिकवता येणार होत्या. देशातील निवडक आठ विद्यार्थी महिनाभर त्या प्रश्नांशी झुंजले. सुटले केवळ निम्मे! त्या चमूतील तान्या खोवानोवा यांनी पुढे २०११ साली असे २१ प्रश्न उत्तरांसह प्रसिद्ध केले.

ज्यांना दार उघडलेच नाही, त्यांच्यासाठी बेला सुबोतोव्स्काया या गणितज्ञ स्त्रीने १९७८ मध्ये आपल्या घरात वर्ग सुरू केले. नामवंत गणिती तेथे विद्यापीठाच्या तोडीचे गणित शिकवीत. बेलाबाई वर्गाची जुळवाजुळव करीत आणि मुलांच्या खाण्याचीही काळजी वाहत. पाच वर्षांत सुमारे साडेतीनशे विद्यार्थी तेथे शिकले.

१९८२ साली पोलिसी धाड आली. सेंदेरोव यांना अटक होऊन सात वर्षांची श्रमछावणी व त्यानंतर पाच वर्षांची हद्दपारी अशी शिक्षा झाली. बेलाबाईंना गुप्त पोलिसांनी चौकशीस बोलावले. त्यांनी सहकाऱ्यांविरुद्ध साक्ष देण्यास नकार दिला. २३ सप्टेंबर १९८२च्या रात्री ट्रकच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. तो अपघात होता की घात, याचा उलगडा झालेला नाही. १९८३ मध्ये वर्ग बंद पडले.

अन्याय मात्र थांबला नव्हता. १९८४ साली सोळा वर्षांच्या एडवर्ड फ्रेंकेलने वर्तुळाची व्याख्या सांगताना 'बिंदू' म्हटले, 'सर्व बिंदू' म्हटले नाही, एवढ्यावरून परीक्षकाने त्याचे उत्तर चूक ठरवले. पुढे तोच अमेरिकेत बर्कली येथे गणिताचा प्राध्यापक झाला.

छावणीत सेंदेरोव यांचे बायबल काढून घेण्यात आले आणि त्यांना गणित करण्यासही मनाई झाली. त्याच्या निषेधार्थ त्यांनी अनेक उपोषणे केली आणि त्यापायी एकांत कोठडी भोगली. १९८७ मध्ये त्यांची सुटका झाली.

प्रिय वाचकहो, त्या परीक्षेचा सारा डाव उमेदवाराला एकटे गाठण्याचा होता. त्याला उत्तर दिले ते एकत्र बसणाऱ्यांनी. आपल्या मुलांच्या यादीत काहींची नावे लागतील, काहींची राहतील. ज्याचे राहील, त्याच्यासाठी सभागृहातील खुर्ची तशीच मांडलेली असावी. दिव्याचे बिल धर्मग्राम आनंदाने भरील.