निळ्या आणि लाल रेषेची कुळकथा

सांगलीत पावसाळा लागला की चौकाचौकात एकच चौकशी असते : ‘आयर्विनला किती झालं?’ आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी 40 फुटांवर गेली की इशारा, 45 फुटांवर धोका. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटमधली माणसं त्याआधीच सामान बांधायला घेतात. नदीचं पाणी कुठवर येतं हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही तिथं घरं उभी राहिली. ती राहू नयेत म्हणून आखलेल्या दोन रेषांची ही कुळकथा.

हे कूळ जुनं आहे. आपल्या गावरचनेत वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी. कृष्णाकाठच्या जुन्या गावांनी पांढरी शक्यतो उंचवट्यावर धरली. वाईला, कऱ्हाडला घाट पाण्यात उतरतात, जुनी वस्ती मात्र वर चढत गेलेली दिसते. पात्रालगतची मळी वांग्यांसाठी, हरभऱ्यासाठी, शाळूसाठी. पुरानं दिलेल्या गाळावर तिचा कस टिकायचा. पूर यायचा, मळीत पसरायचा, काही पाणी जमिनीत मुरवून ओसरायचा. यासाठी कागदावर नियम नव्हता आणि तो मोडायचं कुणाच्या मनातही येत नसे.

शहरं वाढली, सखल जमिनीचे प्लॉट पडले, आणि ही समज लिहून काढायची वेळ आली. केंद्रीय जल आयोगानं 1975 मध्ये पूरक्षेत्राच्या वापराविषयी नमुना कायदा तयार करून राज्यांना पाठवला. मणिपूरनं 1978 मध्ये कायदा केला. महाराष्ट्रानं परिपत्रकाचा मार्ग धरला. पाटबंधारे विभागाचं 21 सप्टेंबर 1989 चं परिपत्रक हे आपल्या पूररेषांचं मूळ.

सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी रेषा. नदीपासून तिथवर निषिद्ध क्षेत्र : मैदानं, बागा, पिकं चालतील, घरं नाहीत. 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती लाल रेषा. दोन्हींमधलं क्षेत्र नियंत्रित. 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे तिथं जोतं लाल रेषेच्या पातळीहून 45 सेंटिमीटर उंच हवं.

या रेषांची एक बहीण दुष्काळी पट्ट्यात आहे. माण, खटाव, जत, आटपाडीत प्रश्न उलटा. काळ्या कातळात पाणी साठायला जागाच थोडी. 1993 च्या कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत विनापरवाना नवी विहीर खोदायला मनाई केली. पुढं 2009 चा भूजल कायदा 1 जून 2014 पासून लागू झाला आणि त्यानं शेती-उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विंधनविहिरींना बंदी घातली. नियम दोन, पण विचार एक : पाण्याला त्याची जागा सोडा. मळीत मुरूम-राडारोडा टाकून सपाटी केली की पुराची वाट अडते आणि पाणी मुरायची जागाही जाते.

रेषा आखल्या, पण पाळल्या गेल्या नाहीत. 2005 च्या पुरात आयर्विनला पाणी 54 फुटांच्या जवळ गेलं. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांच्या पुढं गेलं आणि ब्रह्मनाळला बचावासाठी निघालेली नाव उलटून माणसं बुडाली. त्यानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवरही बोट ठेवलं. दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पाणी पुन्हा 55 फुटांच्या आसपास. कोयना, अलमट्टीच्या विसर्गावर वाद जरूर व्हावा. पण धरणांचे दरवाजे कितीही चोख हलवले, तरी निळ्या रेषेतलं घर कोरडं राहणार नाही.

दोष रेषांचा नाही. पांढरी-काळीची हद्द डोळ्यांना दिसत होती, ही नकाशातच राहिली. निळ्या रेषेतला स्वस्त प्लॉट घेणारं कुटुंब बहुतेकदा गरीब असतं आणि त्याला ही रेषा कुणी दाखवलेली नसते. म्हणून पूररेषेचे दगड जागेवर रोवावेत, सातबाऱ्यावर तिची नोंद व्हावी, आणि आधीच तिथं राहणाऱ्यांना उंचावर हक्काची जागा मिळावी. तोवर, नदीकाठी जागा घेणाऱ्यानं इसार देण्याआधी पाटबंधारे विभागाचा पूररेषेचा नकाशा मागून पाहावा.